सोंग उतरवल्यावर: डिस्नेलँडमधली नोकरी समाजशास्त्राचा निबंध कशी झाली

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंधाचे विषय ठरवायची वेळ आली की एखादा तरी विद्यार्थी माझ्यासमोर बसून घसा खाकरतो आणि म्हणतो, "सर, मी दोन दिवाळ्या कपड्यांच्या दुकानाबाहेर अस्वल झालो होतो. त्याच्यावर काही करता येईल का?" मागे एकजण लग्नाच्या हॉलच्या दारात मावळा बनून भाला धरून उभा राहायचा. एक मुलगी वाढदिवसांना परी व्हायची आणि पंख स्वतःच्या खर्चाने शिवून घ्यायची.

करता येईल, असंच मी म्हणतो. पुढच्या प्रश्नाला मात्र चेहरा पडतो. "अस्वलाच्या आत असताना तुला असं काय कळलं, जे फुटपाथवर उभं राहून बघणाऱ्या मला कळलं नसतं?" उत्तर बहुधा एकच येतं. "फार गरम व्हायचं, सर." ते तर मला फुटपाथवरूनही दिसत होतं.

अशा मुलांसाठी मी वर्गात एक प्रकरण उलगडून सांगतो. जॉन व्हॅन मानेन या अमेरिकन अभ्यासकाने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये तीन वर्षं राइड चालवायची नोकरी केली आणि त्यावरचा निबंध १९९१ साली छापून आला. मधल्या वीसेक वर्षांत काय घडलं, यात माझ्या विद्यार्थ्यांचं उत्तर दडलेलं आहे. त्या निबंधाचं कौतुक फार झालंय. मला त्यात काही उणिवाही दिसतात, त्या ओघात येतीलच.

नोकरी

डिस्नेलँड उघडलं १७ जुलै १९५५ रोजी, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला ॲनाहाइम गावात. व्हॅन मानेन तिथे लागला तेव्हा ते दहा-बारा वर्षांचं होतं. त्याची नोकरी कंपनीच्या भाषेत 'कायम अर्धवेळ' होती. असल्या शब्दाला आपल्याकडे कुणी हसणार नाही, कारण 'कायम हंगामी' लोकांनी आपली अर्धी कॉलेजं भरलेली आहेत.

काम अगदी साधं. माणसं रांगेतून पुढे घ्यायची, बसवायची, पट्टे लावायचे, कळ दाबायची, उतरवायची, पुन्हा पुढची घ्यायची. यात सादरीकरण कुठे आलं? तर कंपनीच्या कोशात. तिथे गिऱ्हाईक नसतं, पाहुणा असतो. पाळणे आणि आगगाड्या नसतात, आकर्षणं असतात. सुरक्षा रक्षकही यजमान असतो. अपघात होत नाहीत, 'घटना' होतात. कामगार गणवेश घालत नसे. तो रोज सकाळी वस्त्रागारातून धुतलेला 'कॉस्च्यूम' घ्यायचा. जिथे पाहुणे फिरतात तो रंगमंच आणि जिथे कामगार डबा खातो ती रंगमंचामागची जागा. नोकरीला लागलेल्याला चाळीस तासांचं प्रशिक्षण मिळायचं आणि त्या प्रशिक्षणशाळेला 'डिस्नेलँड विद्यापीठ' म्हणत. तिथे स्मिताचा सराव व्हायचा. घेतले जात ते बहुतेक गोरे, अविवाहित, विशीतले, सरळ दातांचे, डाग नसलेल्या चेहऱ्याचे. मिशांवरची बंदी उठायला २००० साल उजाडलं, दाढीवरची उठायला २०१२.

विद्यार्थ्यांची पहिली गोची नेमकी इथे होते. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला अर्व्हिंग गॉफमन शिकवला जातो. माणूस रोजच्या जगण्यातही रंगमंचावर एक आणि विंगेत दुसरा असतो, हे त्याने १९५९ साली मांडलं. मग अस्वल झालेला मुलगा खुशीत येऊन लिहितो की दुकानासमोरचा फुटपाथ हा रंगमंच आणि मागचं गोदाम ही विंग. वाचायला छान, पण हाती काही लागत नाही. डिस्नेलँडमध्ये हे शब्द मालकाच्या प्रशिक्षण-पुस्तिकेतच होते. काम म्हणजे नाटक, असं अभ्यासकाने वीस पानं भरून लिहिलं असतं तर त्याने पुस्तिकेची नक्कल उतरवली असती, तीही पदरमोड करून. व्हॅन मानेनचं डोकं मला दिसतं ते इथे. मालकाचं रूपक त्याने उचललं आणि ते कुठे फाटतं, ते बघायला घेतलं.

निबंधात काय सापडतं

फाटतं ते पहिल्यांदा कपड्यातच. सगळे एकाच नाटकातले नट असतील तर सगळ्यांचे कॉस्च्यूम सारखेच मानाचे हवेत. प्रत्यक्षात बागेत पाच पायऱ्यांची उतरंड होती. वर दोन भाषा बोलणाऱ्या मार्गदर्शक तरुणी आणि कंपनीच्या राजदूत. त्याखाली स्वतःच्या तोंडाने निवेदन करणारे किंवा मोनोरेल, जुन्या आगगाड्या, घोड्यांच्या बग्ग्या चालवणारे. मग उरलेले राइडवाले. त्यांच्याखाली झाडूवाले. सगळ्यात तळाला खाण्यापिण्याच्या गाड्यांवरचे, ज्यांना बाकीचे शेंगदाणेवाला, पॅनकेकवाली अशा नावांनी चिडवत.

ही उतरंड कुणी फळ्यावर लिहिलेली नव्हती. ती कपड्यांवरून वाचली जायची. मुलांना मोटारी चालवायला देणाऱ्या ऑटोपिया राइडवर गॅरेजातल्या मेकॅनिकसारखा ढगळ सूट मिळे आणि त्याला सहकाऱ्यांत पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याइतकाच मान. झाडूवाल्यांचे पांढरे कपडे पाहून इस्पितळातला वॉर्डबॉय आठवे. मोनोरेलवाला मात्र कडक इस्त्रीतला अधिकारी दिसायचा, समुद्री चाच्यांच्या राइडवरचा रुबाबदार चाचा. मग त्या कपड्यांसाठी आत लावालावी, वशिले, बदल्यांचे डाव. पगार सगळ्यांचा किमान वेतनाच्या आसपासच, त्यामुळे भांडण मानावर यायचं. सगळ्यांचं सोंग आणता येतं, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. इथे पैशाची उणीव सोंगाने भरून काढायची व्यवस्था होती आणि बऱ्याच अंशी ती चालायची.

बाहेर उभा राहिलेला माणूस हे पाहू शकला नसता. पाहुण्याला चाचा आणि मेकॅनिक दोघंही हसतमुख दिसतात. कोणाला कोणाचे कपडे हवेसे वाटतात, हे कपडे बदलायच्या खोलीतल्यालाच कळतं. वर्गात मी इथे थांबतो आणि अस्वलाला विचारतो, "तुझ्या दुकानात तू, दारातला वॉचमन, साड्या उलगडून दाखवणारा सेल्समन आणि चहावाला, यांत तू कितवा होतास?" पहिल्यांदाच तो विचारात पडतो.

दुसरी फट हसण्यात. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हवाई सुंदरींचा अभ्यास करून १९८३ साली मांडलं, की सेवाक्षेत्रात माणूस अंगमेहनतीसारखीच भावनाही विकतो. त्याला त्यांनी भावनिक श्रम म्हटलं. वरवर हसू आणता येतं किंवा आतूनच प्रसन्न व्हायचा प्रयत्न करता येतो आणि कंपनीला हवं असतं ते दुसरं. हा फरक आपल्याला बहुरूप्यावरून चटकन कळेल. फौजदाराच्या वेशात बहुरूपी दारात येऊन "तुमच्यावर वॉरंट आहे" म्हणतो तेव्हा घरातलं शेंबडं पोरही ओळखून असतं. सोंग त्याचं, पण ते सोंग आहे ही समजूत दोघांची. त्याला कोणी विचारत नाही, की तुला आतून फौजदार वाटतंय का? डिस्नेलँडमध्ये नेमकं तेच विचारलं जात होतं. हसू खरं हवं, आठ तास हवं आणि मिनिटाला कैक माणसांसमोर हवं.

मग माणूस काय करतो? निबंधात राइडवाल्यांची स्वतःची भाषा येते. ते म्हणत, आपण 'रोबो' होतो, तंद्रीत जातो, आपोआप चालणाऱ्या यंत्रावर स्वतःला सोडून देतो. हात पट्टे लावतात, तोंड हसतं, माणूस तिथे नसतो. गोष्ट इथे थांबली असती तर ती 'बिचारा कामगार' छापाची झाली असती. पण पुढे सूड येतो. उद्धट पाहुण्याचा पट्टा एक बोट जास्त आवळायचा, म्हणजे राइड संपेपर्यंत तो धापा टाकत बसतो. जोडीने आलेल्यांना अगदी शेवटच्या क्षणी वेगवेगळ्या डब्यांत अनोळखी माणसांशेजारी बसवायचं. पाणबुडीच्या राइडवर धक्क्यावरचा आणि सुकाणूवरचा संगनमत करून खवचट पाहुण्यांना धबधब्याखाली भिजवणार. प्रत्येक युक्तीला कामगारांनी दिलेलं नाव होतं आणि प्रत्येक युक्ती अशी, की तक्रार आलीच तर "माफ करा, लक्षात नाही आलं" म्हणून हसता यावं. हसायचं प्रशिक्षण कंपनीनेच दिलेलं.

साहेबलोक मदतीला नसून पाळतीला आहेत, अशी पक्की समजूत होती. त्यामुळे एकाने नियम मोडला तर दुसरा झाकायचा. कंपनीने 'संस्कृती' म्हणून जे रुजवलं त्याच्याखाली कामगारांची स्वतःची आणखी एक संस्कृती उगवली आणि दोघी एकमेकींना धरून उभ्या होत्या. निबंधाचा गाभा मी एवढाच समजतो.

मधली वर्षं

नोकरी करताना व्हॅन मानेन अभ्यासक म्हणून तिथे गेलेला नव्हता. पुढे त्याने आर्व्हाइन इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९७२ साली पीएच.डी. केली, ती पोलिसांवर. त्यासाठी तो खरोखरच पोलीस प्रशिक्षणात भरती झाला आणि पुढे गस्तीच्या गाडीत बसून हिंडला. गणवेश चढवून आत शिरण्याची ही दुसरी वेळ, फक्त या वेळी हातात प्रश्न घेऊन. मग एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित संस्थेत प्राध्यापकी. १९८८ साली त्याचं क्षेत्रकार्याच्या, म्हणजे लोकांत राहून केलेल्या अभ्यासाच्या, लेखनावरचं पुस्तक आलं. लोकजीवनाचं वर्णन किती तऱ्हांनी लिहिलं जातं आणि लिहिणारा स्वतःला त्यात कुठे लपवतो, हा त्याचा विषय. १९८९ साली गिडियन कुंडा या सहकाऱ्याबरोबर त्याने डिस्नेलँड आणि एक उच्च तंत्रज्ञानाची कंपनी शेजारी ठेवून दीर्घ लेख लिहिला. एकीकडे तासावर मजुरी घेणारी पोरं आणि दुसरीकडे भरघोस पगाराचे इंजिनियर. दोघांच्याही भावनांवर कंपनीचा हात असतो, पण तो वेगवेगळ्या रीतीने फिरतो. डिस्नेलँडचा स्वतंत्र निबंध १९९१चा, त्याच्या नावातच कंपनीला हसण्याचा कारखाना म्हटलंय.

म्हणजे नोकरीला निबंध होण्यासाठी तीन गोष्टींची वाट पाहावी लागली. हॉकशिल्डबाईंची संकल्पना तोवर जगात नव्हती. पोलिसांचा अनुभव गाठीशी नव्हता, ज्याच्यामुळे एका कामाच्या ठिकाणाची दुसऱ्याशी तुलना करता यावी. तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत मोठी. त्याला निव्वळ आठवणीवर विसंबायचं नव्हतं. निबंधाच्या टिपेत तो सरळ सांगतो, की मुख्य आधार तीन वर्षांची नोकरी हाच आहे. त्याला जोड आहे जुन्या ओळखींची, मुलाबाळांना घेऊन मारलेल्या फेऱ्यांची आणि निबंधाच्या आधीच्या काही उन्हाळ्यांत, तेव्हा नोकरीत असलेल्या राइडवाल्यांशी समुद्रकिनाऱ्यावर केलेल्या लांबलचक, अघळपघळ गप्पांची. वाळूत पाय पसरून घेतलेल्या मुलाखती! आमच्या विद्यापीठात 'मुलाखतीचे स्थळ' या रकान्यात कोणी 'चौपाटी' लिहिलं तर मार्गदर्शकाला स्पष्टीकरण मागतील.

आठवण हा पुरावा होऊ शकतो का, हा वाद आपल्याकडे जुना आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात १९४८ साली क्षेत्रकार्य केलं. वर्षानुवर्षं संस्कार करून सिद्ध केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती २४ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये लावल्या गेलेल्या आगीत जळाल्या. त्यांनी गाव आठवणीतून लिहिलं आणि ते पुस्तक १९७६ साली आलं. पण श्रीनिवास रामपुऱ्यात गेले होते तेच मुळी बघायला, विचारायला, लिहून ठेवायला. टिपणं जळाली तरी टिपताना पडलेला घट्टा मनावर होता. राइडवाल्या पोराने काहीच टिपलं नव्हतं. म्हणून त्याला वाळूत बसावं लागलं.

यातच मला त्या निबंधाची कमकुवत बाजू दिसते. मानाच्या कपड्यांच्या यादीत चाच्याच्या शेजारी बिग थंडर माउंटन या राइडवरचा काउबॉय येतो. ही राइड डिस्नेलँडमध्ये उघडली १९७९ च्या सप्टेंबरात. लेखकाने नोकरी सोडून दहा वर्षं झाली होती. म्हणजे त्याचा स्वतःचा अनुभव आणि किनाऱ्यावर ऐकलेलं, असे दोन काळ त्याने एकाच चालू वर्तमानकाळात विणले आहेत. कोणता धागा कुठला, हे वाचकाला उसवून पाहता येत नाही. मधल्या काळात तिथे बरंच काही बदललं होतं. १९८४ साली बावीस दिवसांचा संप झाला आणि त्यावर दोन अभ्यासकांनी १९८७ मध्ये दाखवलं, की व्यवस्थापन 'नाटका'चं रूपक वापरत होतं आणि कामगार 'कुटुंबा'चं. कुटुंबात कोणी पगार कापतं का, असा कामगारांचा सूर. हा सगळा ताण निबंधाच्या वर्तमानकाळात सपाट होतो. तो वाचायला इतका रसाळ आहे, की ही शिवण दिसत नाही. रसाळपणाचं हे नेहमीचंच आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी बजावतो, की प्रत्येक वाक्यापुढे समासात 'मी पाहिलं', 'मी केलं', 'मला सांगितलं' यांपैकी काय ते लिहा. शेवटी समास कापून टाकला तरी चालेल.

मुखवट्याच्या आत तो कधी नव्हता

दुसरी उणीव जागेची. व्हॅन मानेनच्या अंगावर कॉस्च्यूम होता, पण चेहरा त्याचा स्वतःचा होता. अंगभर फरचा वेष आणि डोक्यावर भलंमोठं डोकं घालून उंदीर, बदक, कुत्रा होणाऱ्यांचं जग त्याच्या उतरंडीच्या यादीत जवळपास येतच नाही. आपल्या अस्वलाचा खरा भाईबंद तो.

त्या जगाबद्दल लिहिलं गेलं ते १९९५ साली, फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डवर चार अभ्यासकांनी मिळून काढलेल्या पुस्तकात. त्यातल्या जेन क्वेन्झ यांनी वेषातल्या कामगारांशी बोलून लिहिलं आहे. वेषात असताना बोलायचं नाही. लोकांसमोर डोकं काढायचं नाही, मग आत चक्कर येवो वा उलटी होवो. आत गुदमरलेला माणूस आणि बाहेर हात हलवणारं बाहुलं यांच्यात पातळ फरचं अंतर. चेहरा झाकलेला असल्यामुळे इथे हसायची सक्ती नाही, म्हणजे हॉकशिल्डबाईंची संकल्पना थोडी अडखळते. आतला माणूस रडत असला तरी बाहुलं हसतंच. मग भावनिक श्रम कशाला म्हणायचं? खांदे, मान, हाताचे पंजे यांनी केलेल्या कामाला? की आत बसून गप्प राहण्याला? व्हॅन मानेनला हा प्रश्न सुचायचं कारणच नव्हतं, कारण त्याचं तोंड उघडं होतं. नोकरी तुम्हाला जी खिडकी देते त्याच खिडकीएवढं दिसतं. तो दोष मानायचं कारण नाही, पण खिडकी कोणत्या भिंतीत होती ते निबंधात लिहावंच लागतं.

या वेषधाऱ्यांच्या मागण्या पाहिल्या तरी आतलं जग कळतं. २००१ साली डिस्ने वर्ल्डमधल्या वेषधारी कामगारांच्या संघटनेने करार करून एक हक्क मिळवला: प्रत्येकाला वेषाच्या आत घालायचे स्वतःचे कपडे. तोवर ते सामायिक होते, कंपनीकडे धुवायला जात आणि नीट न धुतल्याने खरूज, उवा होत असल्याच्या तक्रारी होत्या. पुढे २०२४च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधल्या सुमारे १,७०० पात्रधारी आणि मिरवणुकीतल्या कलाकारांनी मतदान केलं. ९५३ विरुद्ध २५८ मतांनी त्यांनी नटांची संघटना आपली म्हणून स्वीकारली. कंपनी त्यांना सत्तर वर्षं 'कलाकार' म्हणत होती. आता ते म्हणाले, ठीक आहे, कलाकार तर कलाकार, मग नटांच्या युनियनचे नियम लावा. मालकाचं रूपक मालकालाच परत केलं.

उलट्या दिशेने आणि परवानगीबद्दल

अशा अभ्यासाला जेफ्री रीमर यांनी १९७७ साली 'संधीसाधू संशोधन' म्हटलं होतं. मराठीत ते शिवीसारखं ऐकू येतं. पण अर्थ इतकाच, की जिथे तुम्ही आयतेच आहात तिथलाच अभ्यास करा. उलटी वाटही आहे. लायझा डॅल्बी या मानववंशशास्त्रज्ञ प्रबंधासाठी जपानमधल्या क्योतोला गेल्या आणि १९७५-७६ मध्ये पोंतोचो भागात इचिगिकु या नावाने स्वतः गेशांबरोबर, म्हणजे नाचगाण्याने पाहुण्यांचं मनोरंजन करणाऱ्या कलावंतिणींबरोबर, वावरल्या. तिथे आधी प्रश्न आणि मग किमोनो. सगळ्यांना माहीत होतं, की ही अभ्यास करते आहे.

नोकरी आधी आणि अभ्यास नंतर असला की परवानगीचा पेच पडतो. पट्टा आवळण्याची युक्ती ज्याने शिकवली त्याने ती सोबत्याला शिकवली, प्राध्यापकाला नाही. वीस वर्षांनी ती छापायची तर त्याला विचारायचं का आणि कुठे शोधायचं? व्हॅन मानेनच्या लेखात माणसं हुद्द्याने येतात, नावाने येत नाहीत, आणि तेवढ्यावर त्या काळी भागलं. माणसांवरच्या संशोधनाला मान्यता देणाऱ्या समित्यांचा अमेरिकेतला कायदाच १९७४चा. आज माझा विद्यार्थी असं करायला निघाला तर मी त्याला जुन्या सोबत्यांकडे परत पाठवतो. चहा पाज, म्हणतो, आणि सांग की मी लिहितोय. काहीजण मागे सरतात. मागे सरलेल्यांच्या गोष्टी जातात, बऱ्याचदा त्याच सगळ्यात चांगल्या असतात. मनाला लागतं, पण त्याला इलाज नाही.

पुन्हा अस्वल

तर उतरंडीचा तो प्रश्न विचारून झाल्यावर त्या अस्वलाला मी घरी पाठवलं. आठवून काढ म्हटलं, पण गरमीबद्दल एक शब्द लिहू नकोस.

पंधरा दिवसांनी तो आला तो वहीत पाचसहा पानं घेऊन. वॉचमन, सेल्समन, चहावाला यांत तो चौथा होता, म्हणजे शेवटचा. पण डोकं चढवलं की पहिला, कारण मालकाचा नातू फक्त त्याच्याच जवळ यायचा. डोकं काढलं की तोच नातू ओळखायचा नाही. जेवायला त्याला मागच्या जिन्यात बसवत, कारण पोरांनी बिनडोक्याचं अस्वल पाहिलं तर रडतात. शेपूट ओढणारी पोरं आठ-दहा वर्षांचे मुलगेच असत. त्यांना तो मिठी मारायचा, जरा जास्तच जोरात आणि जरा जास्त वेळ, आणि आईबाप कौतुकाने फोटो काढायचे. मी मान वर करून पाहिलं. त्याने तो निबंध तोवर वाचलेला नव्हता, वर्गात पट्टा आवळण्याची गोष्ट झाली त्या दिवशी तो गैरहजर होता. हजेरीपट काढून मी ते तपासलं.

मग शेवटच्या पानावर एक बारीक नोंद होती. अस्वलाच्या डोक्याच्या आत, डाव्या गालाच्या बाजूला थर्मोकोलवर बॉलपेनने ओढलेल्या रेघा होत्या. चार उभ्या, त्यांवर एक आडवी, असे बरेच गठ्ठे. तो लागला तेव्हा त्या आधीच होत्या. त्याला वाटलं होतं, आधीच्या माणसाने दिवस मोजले असावेत. नंतर त्यानेही तिथेच खाली रेघा ओढायला सुरुवात केली, पण त्याने मोजले ते फोटो.

"आणि आधीच्याने?" मी विचारलं.

"माहीत नाही, सर. वेष इव्हेंटवाल्याचा होता, भाड्याचा. तो सीझनला चार ठिकाणी फिरतो."

"इव्हेंटवाल्याचा नंबर आहे?"

त्याने मोबाइल काढला.